आई आल्यावर

चाकणच्या एका कंपनीत मी दुभाषी म्हणून काम करते. कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते आणि तिचे मालक स्पेनमधले आहेत. तिकडचे इंजिनिअर नवीन मशीन लावायला येतात, महिना-दोन महिने राहतात. त्यांचं आणि शॉपवरच्या, म्हणजे मशीनवर काम करणाऱ्या आमच्या लोकांचं बोलणं माझ्या तोंडून होतं. वडील पिंपरीतल्या कंपनीत जन्मभर लेथवर उभे राहिले. त्यांच्या लेकीनं कंपनीतच जावं, पण हाताला तेल न लागता जावं, अशी त्यांची इच्छा होती. म्हणून पुण्याला संध्याकाळच्या वर्गाला जाऊन मी स्पॅनिश शिकले. दुभाष्याला पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट शिकवतात: स्वतःचं काही घालायचं नाही आणि दुसऱ्याचं काही गाळायचं नाही. ते मी पाळत आले. आठ वर्षं माझ्यामुळे कुठलं मशीन चुकीचं लागलं नाही, याचा मला अभिमान होता.

कंपनीकडून दरवर्षी एका बालसंस्थेला दप्तरं आणि वह्या जायच्या. वाटायला आम्हीच जायचो, त्यामुळे तिथल्या मॅडम मला ओळखत होत्या. संस्था भोसरीच्या पलीकडे, एका आतल्या रस्त्याला होती. एका मार्च महिन्यात मॅडमचा फोन आला.

"स्पेनहून एक जोडपं येतंय. आपली एक मुलगी त्यांना दत्तक जायची आहे. कागदं पुढं जायच्या आधी त्यांना आठवडाभर तिच्यासोबत राहायचंय. त्यांचं इंग्रजी यथातथा, आमचं त्याहून. तू येशील का?"

मी रजा टाकली. आईला सांगितलं तेव्हा ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जा. लेकराचं भलं होतंय. त्याला कशाला इचारायचं?"

मुलगी साडेपाच वर्षांची होती. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. मॅडमनी आदल्या दिवशी मला ऑफिसात बसवून तिची हकिकत सांगितली. ती जेमतेम दोन वर्षांची असताना एका बाईनं तिला चाकणजवळच्या एका रसवंतीच्या बाकावर बसवलं, रसवाल्याला "हिच्याकडं जरा बघा, आलेच" म्हणाली आणि गेली. रसवाल्यानं संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग पोलिसांना बोलावलं. आईचा पत्ता कधीच लागला नाही. कुठल्या तरी कंपनीत ठेकेदाराकडं कामाला असावी, रूम सोडून गेली असावी, एवढाच अंदाज.

"पोरगी गुणी आहे," मॅडम म्हणाल्या. "पण मनातून आईची वाट बघते. गेटपाशी जाऊन उभी राहते. तेवढं जरा सांभाळून घे."

हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. पुढचे सगळे दिवस मी त्या मुलीकडे याच वाक्यातून पाहिलं.

त्या जोडप्यानं दोन महिने आधी एक अल्बम पाठवला होता. घर, कुत्रा, बाल्कनीतल्या कुंड्या, ते दोघं. मावशी, म्हणजे मुलांना सांभाळणाऱ्या बाई, तिला रोज तो दाखवायच्या. ही तुझी आई, हे पपा, हा तुझा पलंग. दोनदा व्हिडिओ कॉल ठरला होता, पण संस्थेतलं नेट इतकं रडकं की दोन्ही वेळा नुसता आवाज तुटत राहिला. अल्बम मुलीच्या उशीखाली असतो, असं मॅडम म्हणाल्या. मी तो पाहायला मागितला नाही. मला त्याचं काय काम, असं वाटलं.

पहिल्या दिवशी सकाळी मी त्या दोघांना चिंचवडच्या हॉटेलातून घ्यायला गेले. तो उंच, दाढीवाला, हळू बोलणारा. ती पंचेचाळिशीची असेल, बारीक अंगाची, गोल चष्मा लावलेली, केस मानेच्याही वर बारीक कापलेले. ती नर्सचं काम करायची, तो शाळेत सुतारकाम शिकवायचा. गाडीत ती सारखी पर्स उघडायची, मिटायची.

"तिला मी आवडेन ना?" तिनं मला विचारलं.

"आवडाल," मी म्हणाले.

मग तिनं डोक्यावरून हात फिरवला आणि हसली. "केस कमरेपर्यंत होते हो माझे. सगळ्यांनी भीती घातली, भारतात फार उकडतं म्हणून. निघायच्या आधी कापून टाकले. आता आरशात बघितलं की मलाच मी ओळखू येत नाही."

तिचा नवरा म्हणाला, "मी तर विमानतळावर दुसऱ्याच बाईचा हात धरणार होतो." आम्ही तिघंही हसलो. नाशिक फाट्यावर सिग्नलला गाडी उभी होती, हे मला अजून आठवतं.

संस्थेच्या दारात मावशी मुलीला घेऊन उभ्या होत्या. निळा फ्रॉक, दोन वेण्या, तेल चोपडलेलं कपाळ. गाडी थांबली तशी मुलगी पुढे आली. आधी तो उतरला. त्याला पाहिल्यावर तिचा चेहरा उजळला. "पपा!" ती म्हणाली, मावशींकडे वळून, खात्री करून घ्यावी तशी. तो गुडघ्यावर बसला आणि रडायला लागला. ती त्याच्या दाढीला हात लावून पाहत होती.

मग ती बाई उतरली. तीही खाली बसली. मुलगी तिच्याकडे पाहत राहिली, मग गाडीच्या मागच्या सीटवर डोकावली, मग परत तिच्याकडे. बाईनं छातीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "मामा."

स्पॅनिशमध्ये लहान मुलं आईला मामा म्हणतात. उच्चार शेवटी थोडा उंचावतो, इतकंच. पण मुलीला काय ऐकू आलं, ते मराठी माणसाला सांगायला नको.

"मामा?" ती म्हणाली आणि खुदकन हसली. मावशी हसल्या. मागं उभ्या असलेल्या मुली हसल्या. "बाई मामा! बाई मामा!" म्हणून त्यांनी गलका केला. मीही हसले, मावशींना तिकडचा अर्थ सांगितला, आणि वळून त्या बाईला समजावलं की आमच्याकडे आईच्या भावाला मामा म्हणतात. तिलाही हसू आलं. "चालेल," ती म्हणाली, "कसंही म्हणू दे. हाक तर मारली."

सगळ्यांना समजावलं, फक्त त्या मुलीला समजावायचं राहिलं. मावशींनी नंतर एकदा तिला म्हटलं, "अगं, ही तुझी आई." तिनं मान हलवली. "ही मामा आहे," ती म्हणाली. परत सगळ्या हसल्या. त्यानंतर कुणीच तिला दुरुस्त केलं नाही. बाईला रोज "मामा, मामा" अशी हाक ऐकायला मिळत होती आणि प्रत्येक हाकेला तिला आतून भरून यायचं. ते सुख मोडायचं सगळ्यांच्याच जिवावर यायचं.

पुढचे चार दिवस मी त्यांच्यासोबत होते. मुलगी पपाला सोडत नव्हती. तो जमिनीवर बसून लाकडाच्या तुकड्यांपासून काहीबाही करायचा, ती त्याच्या पाठीवर चढायची. त्याच्या हातून जेवायची. पण मामाच्या जवळ जाताना ती पाहुण्याकडे जावं तशी जायची. शहाण्यासारखं बोलायची, दिलेलं घ्यायची, आणि निघून यायची. बाईनं तिच्यासाठी केसांच्या पिना आणल्या होत्या. तिची वेणी घालायला घेतली की मुलगी उठून मावशींकडे जायची.

आणि रोज सकाळी आमची गाडी आली की ती धावत येऊन मागच्या सीटवर डोकावायची. एकदा तिनं मला विचारलंसुद्धा, "ताई, अजून कोण आलंय?"

"कोणी नाही गं. आम्हीच."

ती पपाचं बोट धरून आत गेली. मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं? आईला शोधते ती."

चौथ्या दिवशी परवानगी काढून आम्ही तिला देहूला घेऊन गेलो. मावशीही होत्या. घाटावर पायऱ्यांवर बसून सगळ्यांनी माशांना मुरमुरे टाकले. पाणी काळपट होतं, तरी मासे येत होते. बाईनं ओंजळ पुढं केली की मुलगी त्यातले मुरमुरे घ्यायची, पण बसली होती पपाला टेकून. एका पायरीवर एक बाई आपल्या पोरीचं तोंड पदरानं पुसत होती. ही मुलगी कितीतरी वेळ तिकडेच पाहत बसली. स्पॅनिश बाईनं ते पाहिलं. तिनं आपल्या पर्समधून रुमाल काढला, मुलीच्या तोंडाकडे हात नेला. मुलीनं तोंड फिरवलं. उद्धटपणे नाही, अगदी हळू.

परतताना बाई माझ्या शेजारी बसली होती. मुलगी पुढच्या सीटवर पपाच्या मांडीवर झोपली होती.

"ती त्याला इतकं सहज घेते," बाई म्हणाली. "त्याची जागा रिकामी होती म्हणून. माझ्या जागेवर कुणीतरी आहे. असंच ना?"

मी म्हणाले, "वेळ लागेल थोडा."

"तुम्हाला त्या आईबद्दल काही माहिती आहे?"

मी मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं. रसवंती, बाक, "आलेच" हा शब्द. काही गाळलं नाही. संस्था येईपर्यंत तिनं खिडकीकडेच तोंड करून ठेवलं.

सहाव्या दिवशी मॅडमच्या ऑफिसात सगळे बसलो. मूल पाच-सहा वर्षांचं असेल तर त्याला विचारावं लागतं, त्याचं मन बघावं लागतं. मॅडमनी मला सांगितलं, तूच विचार, तुझ्याशी ती मोकळी आहे. मुलगी पपाच्या खुर्चीला टेकून उभी होती. बाई समोर बसली होती, दोन्ही हात मांडीत.

मी विचारलं, "तुला यांच्यासोबत यांच्या घरी जायचंय का? विमानातून?"

"हो," ती म्हणाली.

"मग कधी जायचं?"

तिनं थोडा विचार केला. "आई आल्यावर."

मॅडमनी तिला जवळ घेतलं. "आणि आई नाही आली तर?"

"आई आल्याशिवाय मी नाही जाणार," ती म्हणाली. हट्टानं नाही. भूक लागली, पाणी पाहिजे, असं सांगावं तसं म्हणाली.

दोघंही माझ्याकडे बघत होते. मराठीत आई म्हटलं की झालं, कुणाची ते सांगावं लागत नाही. तिकडेही नुसतं मामा म्हणता आलं असतं. पण नेमकं बोलायची माझी सवय. मी म्हणाले, "तिची आई आल्यावर ती येईल, म्हणते. तिच्या आईशिवाय येणार नाही." मॅडम इंग्रजीत पुटपुटल्या, "जिनं सोडलं ती." मी तेही भाषांतर करून सांगितलं. तिच्या तोंडचे चार शब्द, त्यात माझी भर, त्यात मॅडमची भर. पण त्या वेळी मला वाटलं, मी जसंच्या तसं पोचवलं.

बाईचा चेहरा कसा झाला ते लिहिता येत नाही. ती रडली नाही. तिनं मुलीच्या गालाला हात लावला, म्हणाली, "हो, बरोबर आहे तुझं." मी ते मुलीला मराठीत सांगितलं. मुलीनं समजूतदारपणे मान डोलावली.

त्या दुपारी हॉटेलच्या लॉबीत ते दोघं बराच वेळ बोलत होते. मला थांबायला सांगितलं होतं, म्हणून मी लांब बसून राहिले. शेवटी तो माझ्याजवळ आला. त्याचे डोळे लाल होते.

"तिचं म्हणणं आहे, की वाट बघणाऱ्या मुलीला उचलून नेणं ही चोरी आहे. मी तिला समजावलं. तिनं ऐकलं नाही. आणि तिचं चूक आहे असं मी तरी कसं म्हणू?"

मी म्हणू शकले असते. मी म्हणू शकले असते की साडेपाच वर्षांचं मूल आज एक म्हणतं, उद्या दुसरं. पण दुभाष्यानं मत द्यायचं नसतं. मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी ते परत गेले. मॅडमनी खूप विनवलं, थोडे दिवस थांबा म्हणाल्या. बाई ऑफिसातूनच निघाली, ती मुलीला भेटली नाही. तो भेटला. त्यानं तिला पोटाशी धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिला सांगा, पपाला कामावर जावं लागतंय." मी सांगितलं. मुलगी म्हणाली, "येताना आईला घेऊन या." हे मी त्याला सांगितलं नाही. दुभाषी म्हणून मी जाणूनबुजून गाळलेलं ते पहिलं वाक्य. तेच एक सांगायला हवं होतं.

घरी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुला तेवढा एक शब्द गिळता आला नाही? लेकराचं घर गेलं."

"मी खोटं कसं बोलणार होते?"

"खोटं नको बोलू. पण खरं तरी कुणाला ठाव होतं?"

मला राग आला. मी तिच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही.

चौदा एप्रिलच्या जयंतीला दरवर्षी आमच्या विहारातर्फे एखाद्या संस्थेत जेवण देतात. त्या वर्षी मीच ती संस्था सुचवली. पुरी, मटकीची भाजी, शिरा. मुलं ओळीनं बसली होती आणि आम्ही बायका वाढत होतो. ते दोघं जाऊन महिना झाला असेल-नसेल. मुलगी मला पाहून उठली, तशीच उष्ट्या हातानं धावत वर गेली आणि अल्बम घेऊन आली. माझ्या कमरेला चिकटून तिनं तो उघडला.

"ताई, हे बघ पपा. हा कुत्रा. आणि ही माझी आई."

फोटोत एक बाई बाल्कनीत कुंडीला पाणी घालत होती. चष्मा नव्हता. काळे कुरळे केस एका खांद्यावरून पुढे घेतलेले, कमरेच्याही खाली. मुलीनं बोटानं ते केस वरून खालपर्यंत कुरवाळले. त्या जागी फोटोवरचं प्लास्टिक पांढरं पडलं होतं.

"ही कधी येणार?" तिनं विचारलं. "पपा आले तेव्हा ही आलीच नाही. मामाच आली."

माझ्या हातात शिऱ्याचं पातेलं होतं. ते कुणी घेतलं, मला आठवत नाही. मी तिथंच भिंतीला टेकून बसले. मुलगी पुढची पानं उलटत होती, कुत्र्याबद्दल काही सांगत होती. मला एवढंच दिसत होतं की ती रोज गाडीत डोकावायची, आणि आम्ही शहाणी माणसं एकमेकांकडे बघून उसासे टाकायचो. रसवंतीवरच्या आईचं हिला काय आठवणार होतं? ती जेमतेम दोन वर्षांची होती. ती जिची वाट बघत होती, ती सहा दिवस तिच्यासमोर ओंजळ धरून बसली होती.

मी मॅडमना सांगितलं. त्यांनी अल्बम हातात घेतला, तो फोटो पाहिला आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी तिला कितीदा म्हणाले, वाट बघतेस ना, वाट बघतेस ना," त्या म्हणाल्या.

मॅडमनी त्यांच्या मार्गानं लिहिलं. मी त्या माणसानं दिलेल्या पत्त्यावर मेल केला. पाच वेळा लिहून पाच वेळा खोडला. शेवटी घडलं ते सरळ लिहिलं: केस, मामा, आणि मी घातलेला "तिची" हा शब्द. शेवटी लिहिलं, ती तुमचीच वाट बघतेय.

अकरा दिवसांनी उत्तर आलं. वरचा भाग त्याचा होता. त्यांनी तिकडच्या कार्यालयाला नकार कळवला होता, त्यांची फाईल बंद झाली होती. परत पहिल्यापासून सुरुवात करायची तर वयाची अट आड येत होती. त्यांनी विनंती करून पाहिली होती. नाही म्हणाले. शिवाय बायकोची तब्येत आता बरी नाही, असं त्यानं लिहिलं होतं. खाली तिच्या दोन ओळी होत्या: "तिला सांगू नका की ती मीच होते. तिला वाटू दे की ती बाई आलीच नाही."

त्या ओळी मी मॅडमना मराठीत वाचून दाखवल्या. या वेळी एकेक शब्द दोनदा तपासून घेतला.

त्या मुलीसाठी दुसरं कुणी आलं नाही. एका कुटुंबानं पुढं एकदा चौकशी केली होती, मग त्यांना लहान मूल मिळालं. आठ वर्षांची झाल्यावर तिला मुलींच्या बालगृहात हलवलं, दुसऱ्या जिल्ह्यात. वर्षातून दोनदा मी परवानगी घेऊन भेटायला जाते. माझं तिचं नातं काय, असा रकाना फॉर्मवर असतो. मी दर वेळी "परिचित" लिहिते.

कंपनीतलं काम चालूच आहे. पण माझा वेग गेला. शॉपवर कुणी म्हणालं, "ते काढून हे लावा," की मी थांबते. ते म्हणजे कोणतं? हे म्हणजे काय? बोटानं दाखवा. इंजिनिअर वैतागतात. एकानं साहेबांकडे तक्रारही केली, बाई फार प्रश्न विचारतात म्हणून. आईनं मला त्या दिवसाबद्दल परत कधी काही म्हटलं नाही. अल्बमचं सांगितलं तेव्हा ती उठून आत गेली आणि उगाच भांडी घासत बसली.

गेल्या दिवाळीनंतर गेले तेव्हा मुलगी बारा वर्षांची झाली होती. उंच, सडपातळ, आवाजात थोडी जरब. आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. अल्बम आता नाही. संस्था बदलताना सामानात गेला, कुठं ते कुणाला ठाऊक नाही. तिनं बोलता बोलता सहज विचारलं, "ताई, ते पपा परत का नाही आले?"

साडेसहा वर्षं मी त्या दोन ओळींचा मान राखला होता. त्या दिवशी नाही राखवला. ती आता मोठी आहे असं मला वाटलं, की मलाच ओझं झालं होतं, कोण जाणे. मी सगळं सांगितलं. कापलेले केस. मामा म्हणजे काय. ऑफिसातला तो प्रश्न आणि तिचं उत्तर, आणि मी ते कसं सांगितलं.

ती ऐकत राहिली. मध्ये एकदा म्हणाली, "ती मामा?" अंगठ्याच्या नखानं बाकाचा रंग खरवडत होती.

"म्हणजे ती आली होती."

"हो."

"आणि मला आवडली नव्हती."

"तुला कळलं नव्हतं गं. तुझी काही चूक नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. वर्गात एखाद्या मुलीला सोपं गणित येऊ नये आणि शेजारणीनं तिच्याकडे पाहावं, तसं.

"तुम्ही मला विचारायचं ना," ती म्हणाली, "कोणती आई ते."

मी तिचा हात धरायला गेले, तिनं धरू दिला, पण तो हात माझ्या हातात नुसता ठेवल्यासारखा होता. मग आत जेवणाची घंटा झाली. ती उठली, फ्रॉक झटकला, दोन पावलं जाऊन परत आली.

"पुढच्या वेळी याल तेव्हा कंपासपेटी आणा," ती म्हणाली. "माझ्या कर्कटकाचा स्क्रू पडलाय."

मी "आणते" म्हणाले. ती रांगेत जाऊन उभी राहिली. ताट छातीशी धरून, पुढच्या मुलीशी काहीतरी बोलत होती. मी थोडा वेळ थांबले, तिनं मागं वळून पाहिलं नाही, मग मी एसटी पकडली.

दिघीला घरी पोचले तेव्हा आई दारातच बसली होती. "लेकरू कसं हाय?" तिनं विचारलं.

"उंच झालीय," मी म्हणाले, आणि चपला काढून आत गेले.